पाण्याचं विरजण

घळ्ळ... घळ्ळ... चाळीसच्या दशकातला तो आवाज अजून कानात आहे, मंडळी. वाईला आमच्या नव्या हौदात आई जुन्या आडाचं पाणी घागरीनं ओतायची. म्हणायची, “कोऱ्या पाण्यात मासं जगत न्हाईत रं. दुधासारखं पाण्यालाबी विरजण लागतं.” शाळेतल्या कवितांत पाणी नुसतं खळखळायचं. ते जिवंत असतं हे आईनं शिकवलं.

आता अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी सांगलीत माशांची पहिली काचेची टाकी मांडली. दुकानदार म्हणाला, “फिल्टरच्या स्पंजात चांगले जंतू वाढू द्या, मगच मासे.” पाच आठवडे नुसतं पाणी बघत बसलो. शेजारच्या सुभेदारांना आईची गोष्ट रोज सांगायचो. ते हसायचे, “कविराज, पाणीच पाळलंय व्हय?”

आज संध्याकाळी मासे आणायचे होते. सकाळी सूनबाईनं हौसेनं टाकी आवरली. “आबा, स्पंज लय बुळबुळीत झाल्ता. साबणानं लख्ख केला बघा!”

तिच्यासमोरच दुकानदाराला फोन केला. “जंतू धुवून गेले, आबा. आता परत पाच आठवडे.”

तुम्हीच सांगा, माझ्या वयात पाच आठवडे कुणाकडे मागायचे?

एवढं लिहिलं आणि बेल वाजली. दारात सुभेदार, घामाघूम. हातातल्या डब्यात पाणी आणि काळपट, बुळबुळीत स्पंज.

“लेकीच्या जुन्या टाकीतला हाय. सूनबाई रडत सांगत होती. घ्या कविराज, विरजण!”