ढोके साहेबांचा कान

ढोके साहेब कुणाकडे सीडी प्लेअर आणि स्पीकरची जोडी जमवायला गेले, की आधी स्वयंपाकघरातून स्टीलची वाटी मागून घ्यायचे आणि चारचौघांदेखत ती फरशीवर टाकायचे. खणखणाट! मग पिशवीतून स्वतःची सीडी काढून लावायचे. तिच्यात भाच्याकडून ध्वनिमुद्रित करून घेतलेला, अस्साच वाटी पडल्याचा आवाज. दोन्ही सारखे वाजले तर जोडी जमली. “गाण्यात माणूस वाहवत जाते जी,” ते म्हणायचे. “वाटीत कोण वाहवत जाईल?”

साहेब मूळचे नागपूरचे. खडकवासल्याला पाटबंधारे खात्यात इंजिनिअर आणि नारायण पेठेत आमच्याच सोसायटीत राहायला. त्या दिवसांत आमच्यासारख्यांना खराडीत आयटीतली नोकरी लागली रे लागली, की घरात सीडी प्लेअर यायचा. दुकानात झकास वाजायचा आणि घरी आला की बोंब! मग साहेबांना बोलावणं जायचं. त्यांचा सिद्धांत साधा होता. “तिखट प्लेअरला मवाळ स्पीकर द्या. दोन्ही तिखट झाले तर कान सोलून निघतात. दोन्ही मवाळ झाले तर गाणारा जांभया देऊन राहिला, असं वाटते.”

चुकलेलं ते तोंडावर सांगायचे, पण ऐकणाऱ्याला राग म्हणून येत नसे. शेजारच्यांनी स्पीकरवर फुलदाणी ठेवली होती, तर म्हणाले, “बाप्पा! याची काय वरात काढायची आहे?” आम्हा पुणेकरांचे टोमणे रक्त काढतात, यांच्या टोमण्यावर समोरचा हसत हसत फुलदाणी उचलायचा. कोथरूडहून, हडपसरहून लोक त्यांना न्यायला येत. त्या कानाची सगळीकडे अशी ख्याती होती, आणि साहेबांनाही दुसऱ्या कशाचा एवढा अभिमान नव्हता.

आमच्याकडे ते आले तेव्हा बरोबर सुमनताई होत्या, त्यांच्या पत्नी. दुकानदाराने ऐकून बघायला दोन-तीन जोड्या पाठवल्या होत्या. साहेबांनी एक निवडली, वाटी टाकली, सीडी लावली. आई गं! दाढेत सणक जावी तसा तो आवाज डोक्यात गेला. साहेब मात्र मान डोलवत म्हणाले, “वा! आता हुबेहूब झालं.”

मी आणि नवरा एकमेकांकडे बघत बसलो. एवढ्या मोठ्या माणसाला सांगायचं कसं? पण माझ्या सासूबाई सदाशिव पेठेतल्या. त्या कशाला थांबतायत! “अहो साहेब, कान फाटतायत आमचे,” म्हणाल्या.

साहेब हसले. मग आमच्या चेहऱ्यांकडे बघून हसायचे थांबले. त्यांनी सुमनताईंना विचारलं, “खरंच टोचते?”

“टोचते,” त्या खाली बघत म्हणाल्या. “वर्ष झालं. तुम्ही तिखटच निवडता आताशा. तुम्हाला बारीक आवाज येत नाहीत.”

“अन् तू बोलली नाहीस?”

“एवढ्या हौसेनं जाता तुम्ही. कसं बोलू?”

साहेबांनी समोरचा चहा शांतपणे संपवला. मला वाटलं, झालं, आता हा माणूस कुणाच्या दारात पाय ठेवायचा नाही. दुसरा कुणी असता तर त्याने प्लेअरवर, दुकानदारावर, नाहीतर आमच्या कानांवर खापर फोडलं असतं.

साहेबांनी आधी कानाच्या डॉक्टरांना गाठलं. वयाने जातात तसे बारीक आवाज गेलेच होते. पुढच्या रविवारपासून त्यांनी स्कूटर काढली आणि त्या वर्षात जिथे जिथे जोडी जमवून दिली होती, त्या प्रत्येक घरी ते गेले. दारातच सांगायचे, “माझा कान गेला आहे. तुमच्याकडे चूक करून ठेवली असेल, तर दुरुस्त करतो.” काही जण म्हणाले, आम्हाला तर छान वाटतं. काही जण पाठीमागे हसले. हसोत मेले! स्वतःची अब्रू अशी दारोदार जाऊन उतरवायला छाती लागते. माझ्यात ती नाही.

शेवटचं घर आमचं. प्लेअर तोच होता. दुकानातून नवे, मवाळ स्पीकर आले होते. साहेबांनी वाटी मागितलीच नाही. सासूबाईंच्या आवडीची सतारीची सीडी लावली, सुमनताईंना सोफ्यावर अगदी मधोमध बसवलं आणि स्वतः स्पीकरकडे पाठ करून त्यांच्यासमोर फरशीवर मांडी घातली. ते ऐकत नव्हतेच. बायकोचा चेहरा बघत होते, इतका वेळ आणि इतकं निरखून, की मलाच अवघडल्यासारखं झालं.

“छान आहे,” सुमनताई म्हणाल्या.

साहेब हलले नाहीत. “छान नको सांगू. खरं सांग.”

सुमनताईंनी डोळे मिटले. सतार चालू होती. 

“उजवीकडचा थोडा बोचतो,” त्या हळूच म्हणाल्या.

साहेब गुडघ्यावर हात टेकून उठले, उजवा स्पीकर बोटभर वळवला आणि परत येऊन त्यांच्यासमोर बसले.

“आता?”