चार्ज कोणाकडे

पाटीकाका संगणक मोठ्याने वाचत. आमच्या ऑफिसात संगणकासमोर बसून लोक गुणगुणत, जांभया देत, शिव्या घालत. पण लॉगिन केल्याबरोबर काळ्या पडद्यावर उमटणाऱ्या सहा ओळी शाळेतल्या प्रार्थनेसारख्या खणखणीत वाचणारा हा एकच माणूस होता. वाचून झालं की चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "हाव. आता कर काम."

ऑफिस हिंदी मुलखात, दुर्गजवळच्या कुम्हारीला, सळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याच्या फाटकाला लागून होतं. ट्रक वजनकाट्यावर चढला की वजन आमच्या सर्व्हरवर नोंदलं जाई आणि तिथूनच गेटपास निघे. सर्व्हर बसला की काटा बसे, आणि ट्रकांची रांग हायवेला जाऊन भिडे. मी दुर्गच्या मोहन नगरातून बसने येई, काका रुआबांध्याहून स्कूटरवर. सगळी नोकरी त्यांनी भट्टीशेजारी शिफ्ट इंचार्ज म्हणून काढलेली. सर्व्हर चालवणारं लिनक्स शिकले ते निवृत्तीनंतर, जाड वहीत एकेक कमांड उतरवून. मी पदवी घेऊन आले होते आणि वही पाहून हसले होते. ते हसणं फार टिकलं नाही.

काका या ऑफिसात येण्यापूर्वी लॉगिन केलं की आमच्या साहेबांचं स्वागत होई. चांदण्यांच्या चौकटीत साहेबांचं नाव, त्याखाली चिन्हं जुळवून काढलेलं कारखान्याचं धुराडं, जे कुठूनही पाहिलं तरी मुळ्यासारखं दिसे, आणि शेवटी अनधिकृत व्यक्तींना इंग्रजीतून कायद्याची धमकी. अनधिकृत व्यक्ती कधी आली नाही. अधिकृत व्यक्तींना त्यातून काहीच कळत नसे.

काकांनी पहिल्याच आठवड्यात मुळा उपटला आणि तिथे आपली पाटी लावली. पडद्यावर मराठीच्या मात्रा अक्षर सोडून भलतीकडे उभ्या राहत, आणि ऑफिसात मराठी आम्ही दोघंच. म्हणून ओळी हिंदीत, रोमन अक्षरांत. मशीन किती दिवस चालू आहे. जागा किती उरली. बॅकअप कधी झाला आणि तो उघडून पाहिला का. लॉगिन करून आत आणखी कोण आहे. काय बिघडलं आहे. आणि सहावी ओळ : चार्ज किसके पास, म्हणजे आजची जबाबदारी कोणाची.

पहिल्या चार ओळी मशीन स्वतः भरे; बॅकअप कोणी उघडला की त्याचीही नोंद तेच करी. उरलेल्या दोन माणसाने लिहायच्या. "मशीन खोटं नाई बोलत," काका म्हणत, "पन इचारल्याबिगर सांगत बी नाई." बॅकअप उघडून पाहण्यावरून मी एकदा कुरकुरले, तेव्हा त्यांनी आपला जेवणाचा डबा माझ्यासमोर ठेवला. "डबा बंद हाय, जड बी हाय. आत भाजी हाय का, सांग बरं?" मी उघडला. आत कालच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले स्क्रू होते. त्यानंतर मी दर सोमवारी बॅकअप उघडू लागले.

मोठ्याने वाचण्याचं मूळ भट्टीवर होतं. तिथे त्यांच्या पाळीत एक रीत होती : जाणाऱ्याने फळ्यावर भट्टीची हालत लिहायची, येणाऱ्याने ती मोठ्याने वाचायची आणि खाली आपलं नाव घालायचं. वाचून होईपर्यंत जाणारा जागचा हलत नसे. "डोयानं वाचलं त बुबुळ फिरते," काका म्हणत. "तोंडानं वाचलं त मानूस आयकते."

सहाव्या ओळीचा प्रश्न ते रोज सकाळी विचारत. "आज चार्ज कोन घेते?" ऑफिसातले दोघे तरुण मुलगे फोनमध्ये बघत, मी फाइलमध्ये. मग काका स्वतःचं नाव घालत. मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "मी जायच्या आधी त्या ओईत तुयं नाव पायजे मले." मी म्हटलं, "काका, नावाने काय होतं?" ते म्हणाले, "मंग लिहाले कावून भेतं तू?"

पुढे ते चार दिवस रजेवर गेले. जातानाही कोणी नाव घातलं नाही, म्हणून त्यांचंच राहिलं. त्याच आठवड्यात कोणी मोठे पाहुणे यायचे होते. साहेब म्हणाले, "मॅडम, वो पुराना वेलकम लगा दीजिए, शानदार दिखता है." मी लावला. पाटी काढली. दोनच दिवसांचा तर प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा थांबला. डिस्क काठोकाठ भरली होती. पाटीवर ते आदल्या दिवशीच दिसलं असतं. मुळा ते सांगत नव्हता. पाहुणे ट्रकांच्या रांगेमागे अडकले.

फोन गेला तसे काका घरच्या चपलांवरच आले. कोणी केलं, असं विचारलं नाही. पडद्यासमोर बसले, काय काय टाकून देता येईल ते एकेक मोठ्याने वाचून काढलं, आणि अर्ध्या तासात काटा हलला. मग पाटी परत लावून पाचव्या ओळीत त्यांनी लिहिलं : बोर्ड हटाया गया. गलती मेरी.

साहेबांसकट प्रत्येकाने ती ओळ आठवडाभर वाचली. मी रडकुंडीला आले. "काका, तुम्ही तर रजेवर होतात! पाटी मी काढली."

"सहाव्या ओईत नाव कोनाचं होतं?"

"तुमचं."

"मंग?"

मोठमोठ्या पदांची माणसं मी जवळून पाहिली आहेत आणि फारशी दबले नाही. त्या "मंग?"पुढे मात्र मान खाली गेली, ती अजून पुरती वर आलेली नाही.

गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा काका मुलाकडे पुण्याला निघाले. निरोपाला साहेबांनी त्यांना डिजिटल क्रांतीचे शिल्पकार म्हटलं. शिल्पकार तेव्हा समोशातली मिरची बाजूला काढत होते. शेवटच्या दिवशीही त्यांनी सकाळचा प्रश्न विचारला, आणि मी, सवयीने, फाइलमध्ये पाहिलं.

दुसऱ्या दिवशी लॉगिन केलं. सहा ओळी जिथल्या तिथे होत्या. सहावी कोरी. तिच्याखाली एक सातवी, रोमन अक्षरांतच, पण पहिल्यांदाच मराठीत. म्हणजे ऑफिसात फक्त मला कळेल अशी : पोरी, नाव लिही. मंग गाडी सोड.

काट्यावर पहिला ट्रक चढून हॉर्न वाजवत होता. मी त्याला थांबवलं. दोघे मुलगे फोनमधून वर बघू लागले, कारण मी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली होती. सहाव्या ओळीशी आले आणि नाव लिहिलं.

मग गाडी सोडली.