काय राहिलं ते सांगा

आमची थोरली जाऊ नर्स आहे. मी तिला ताई म्हणते. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हाच ती नोकरीत मुरलेली होती, आणि घरात कोणाला साधी शिंक आली तरी सगळे तिच्या तोंडाकडे बघायचे. ती चालते तेव्हा वाटतं, मागे कोणीतरी लागलंय. जेवते तीही उभ्यानेच. एकदा मी म्हटलं, "ताई, बसा ना घटकाभर." तर म्हणाली, "बसले की मग उठवत नाही गं."

गेल्या वर्षी आमचे सासरे न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ताईच्याच रुग्णालयात त्यांना दाखल केलं, पण हाडांच्या वॉर्डात. ताईचा वॉर्ड वरच्या मजल्यावर, पोटाची ऑपरेशनं झालेल्या बायकांचा. बाबांना नवा खुबा बसवला, ऑपरेशन झकास झालं. डॉक्टर खूश, आम्ही खूश. नणंद तर म्हणाली, "घरचीच सिस्टर असल्यावर काळजी कसली!"

आणि एका दुपारी बाबांचा सदरा बदलताना नणंदच किंचाळली. कमरेच्या खाली, माकडहाडावर, तळहाताएवढी काळीनिळी जागा झाली होती आणि मधोमध कातडीच उरली नव्हती. माणूस दिवसचे दिवस उताणा पडून राहिला, त्याला कोणी कुशीवर वळवलंच नाही, की असं होतं.

"बाबा, दुखत नव्हतं का? बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"दुखत होतं की," बाबा म्हणाले. "पण त्या पोरी एवढ्या पळत होत्या, हाक मारायची लाज वाटायची."

ताई निरोप मिळताच खाली आली. नणंद तिच्यावर तुटूनच पडली. "वहिनी, तुमच्याकडची माणसं झोपा काढतात का? उपचाराला आणलं आणि जखम देऊन ठेवली!" ताईने जखम बघितली, पांघरूण नीट केलं आणि तरातरा सिस्टरच्या टेबलाकडे निघाली. तिचा तो चेहरा बघून मीही मागोमाग गेले. आज कोणाची तरी खरडपट्टी निघणार, हे नक्की होतं.

टेबलाशी जी होती तिला सगळे चिमणी म्हणायचे. अंगाने एवढीशी, आणि ताईच्याच हाताखाली शिकलेली. तिने मानेत फोन धरला होता, एका हाताने सलाईनची बाटली बदलत होती आणि कोणाचा तरी मुलगा तिची बाही ओढून एक्स-रे मागत होता. वॉर्डबॉय मामा ऑक्सिजनचं सिलिंडर आणायला गेले होते. दुसरी सिस्टर पेशंटला घेऊन ऑपरेशनच्या खोलीत. खाटा सगळ्या भरलेल्या, आणि दोघं-चौघं खाली गाद्यांवर.

"बाबांना कुशीवर कधी वळवलं होतंस?" ताईने विचारलं.

चिमणीने फोन ठेवला. "खरं सांगू ताई? आज नाही. काल नाही. परवाचं आठवत नाही."

"आणि तुला शिकवलं कोणी? मीच ना?"

"तुम्हीच. पण एकटीने वळवायला गेले आणि नवा खुबा निसटला तर? दुसरं माणूस आणू कुठून?" तिचा आवाज चढला. "इंजेक्शन राहिलं तर डॉक्टर ओरडतात. सलाईन संपलं तर नातेवाईक ओरडतात. कूस बदलायची राहिली तर कोणीच ओरडत नाही. म्हणून तीच राहते!"

ताई ओरडायला आली होती, पण तिने बाह्या मागे सारल्या. मग म्हणाली, "चल, धर तिकडून." दोघींनी मिळून बाबांना वळवलं, पाठीशी उशी लावली. शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "पोरींनो, आलाच आहात तर मलाही." त्यांनाही वळवलं. तेवढ्यात ताईला वरून बोलावणं आलं, कारण तिच्या वॉर्डातून ती गायब होती ना!

संध्याकाळी घरी येताना तिने रिक्षात मला सांगितलं, "कोणत्या तोंडाने ओरडणार होते मी? आज माझ्याकडच्या एका बाईला ऑपरेशननंतर पहिल्यांदा चालवायचं होतं. नाही चालवलं. दुसरीला टाके कसे जपायचे ते समजवायचं होतं. हातात कागद कोंबला आणि घरी धाडली. तिला वाचता येतं का, तेही विचारलं नाही."

"मग ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला काय सांगता?"

"सगळं ठीक आहे." ती हसली, पण ते हसणं बघवेना. "सगळ्याजणी तेच सांगतो. जे राहिलं ते कोणी बोलतच नाही. बोललं तर आपणच कामचुकार ठरतो."

दुसऱ्या दिवसापासून तिने बोलायला सुरुवात केली. ड्यूटी बदलताना प्रत्येक खाटेशी उभं राहून, काय झालं ते सांगून झालं की म्हणायची, "आता काय राहिलं ते सांगते." हिचं तोंड पुसायचं राहिलं. हिला भरवायचं होतं, ताट तसंच परत गेलं. ही सकाळपासून रडतेय, का ते विचारायला वेळ झाला नाही. पोरी एकमेकींकडे बघायच्या. मग एकीने धीर केला, मग दुसरीने.

सगळ्या सिस्टरांवरच्या मेट्रनबाईंनी तिला बोलावलंच. "तुम्ही एवढ्या मोठ्याने बोलता, पेशंट ऐकतात."

"ऐकू देत. अंग त्यांचंच आहे."

"अहो, मला का कळत नाही?" मेट्रनबाई वैतागल्या. "रिकाम्या जागा भरा म्हणून वर सांगून सांगून माझी जीभ झिजली. मी काय खिशातून सिस्टर काढू?"

वरून उपाय आला. सगळ्या सिस्टरना 'हसतमुख सेवा' या विषयावर व्याख्यान. तेही भर ड्यूटीत! ताई सांगते, वक्ता हसायचं कसं ते शिकवत होता आणि तिच्या डोळ्यांपुढे फक्त वॉर्डातल्या पेशंटच्या पाठी येत होत्या. तेवढा वेळ त्यांना वळवायला कोणीच नव्हतं. व्याख्यान संपल्यावर तिने उठून विचारलं, "साहेब, हसत हसत एका वेळी दोन खाटांशी कसं उभं राहायचं, तेवढं सांगा." सभागृह खदखदून हसलं. आणि सगळ्याजणी परत वॉर्डाकडे पळाल्या.

पण कुठेतरी चक्र फिरलं. मोठे डॉक्टर एकदा ड्यूटी बदलायच्या वेळी वॉर्डात आले आणि पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत गप्प उभे राहून ऐकत गेले. त्यानंतर ताईच्या वॉर्डाला एक जादा सिस्टर मिळाली. पोरींनी टाळ्याच वाजवल्या.

जादा सिस्टर आली. ती चिमणी होती.

"तुझ्या जागी खाली कोण आलं?" ताईने विचारलं.

"कोणी नाही."

ताईचं डोकं असं फिरलं म्हणता! डोकं झाकायला पायावरचं पांघरूण ओढलं, याला का मदत म्हणायचं? ती तशीच मेट्रनबाईंकडे गेली आणि म्हणाली, "हिला परत खाली पाठवा. मला माणूस हवंय, दुसऱ्याचं हिसकावलेलं नको." चिमणी परत गेली. पण ताईच्या वॉर्डातल्या पोरी ताईशीच बोलेनाशा झाल्या. एक तर तोंडावर म्हणाली, "तुमचं तत्त्व झालं, आमच्या पायांचं काय?" घरी आल्यावर हे सांगताना पहिल्यांदा मी ताईला रडताना पाहिलं. "ती पोर चुकीचं काय बोलली?" एवढंच म्हणत होती.

बाबांना घरी आणलं. जखम भरायला कित्येक महिने गेले. आम्ही आळीपाळीने त्यांना वळवायचो. ताईने शिकवलं, गुडघा कसा दुमडायचा, हात कुठे घालायचा. एकदा नणंद राहायला आली होती. तिने एका दिवसात तीनदा वळवलं आणि कंबर धरून भिंतीला टेकून बसली. "एका माणसाला वळवताना माझी ही गत... आणि तिथे..." उठून ताईसाठी चहा टाकायला गेली.

रिकाम्या जागा अजून रिकाम्याच आहेत. ताई अजून रोज सांगते काय राहिलं ते. मध्यंतरी मी म्हटलं, "ताई, एवढं बोलून फरक काय पडला?"

ती उभ्या उभ्याच पोळीचा तुकडा मोडत होती. म्हणाली, "काय पडायचाय? पण निदान खोटं तरी बोलत नाही आता."