निरोगी कुत्रीचे प्रतिज्ञापत्र

लांज्याचे ते कुत्रेपालक गृहस्थ कचेरीबाहेरील माझ्या अर्जलेखनाच्या टेबलापाशी नेहमी चपला काढूनच बसत. परवा त्यांनी कुत्रीच्या रक्ततपासणीचा अहवाल आणला. तिची पिल्ले आंधळी होण्याचा संभव असून तिची वीण घेऊ नये, असे त्यात स्पष्ट नमूद होते.

"तो कागद ऱ्हाऊंदे हो. तुमी लिवा, कुत्री निरोगी हाय," ते म्हणाले.

"अहवालाच्या विरुद्ध?"

"पिल्लांचं गिऱ्हाईक तुमच्या स्टॅम्पपेपरवर इस्वास ठेवतं, साहेब."

हे सत्य असल्यामुळे मी सुखावलो व सुवाच्य अक्षरात प्रतिज्ञापत्र लिहून दिले. त्यांनी ते मनोभावे कपाळाला लावले. मग दबक्या आवाजात विचारले, "आता पिल्लांना दिसंल ना?"

आजवर अशिलाचा कोणताही प्रश्न मी अनुत्तरित ठेवला नव्हता; मी दुसरा स्टॅम्पपेपर पुढ्यात ओढला.