आमच्या दारासमोर पंक्चर नको

माझा आवाज मोठा आहे. लोकांना वाटतं मी भांडतेय, आणि निम्म्या वेळा ते खरंही असतं. पण त्यात सगळा दोष माझा नाही. जिनं सगळी उमर पिठाच्या गिरणीत काढली, त्या बाईला हळू बोलता येत नाही. पट्टा फिरत असताना "जाडं की बारीक?" एवढं विचारायलाही घसा ताणावा लागतो, आणि पुढे गिरणी बंद असली तरी घसा तसाच राहतो. माझे मालक म्हणायचे, तू प्रार्थनेत देवालासुद्धा दरडावतेस. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. गिरणी आहे.

गिरणी नगरमध्येच, शहरातून बाहेर पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पूर्वी हा रस्ता इतका अरुंद होता की एसटी आली की रिक्षावाल्याला गटाराच्या कडेला सरकावं लागे. माझ्या दाराच्या बरोब्बर समोर एका बाईचं धान्याचं दुकान होतं. ती राहुरीकडची, शेतकऱ्याच्या घरातली. लग्न होऊन नगरला आली आणि माझ्यासारखीच लवकर एकटी पडली. एक मुलगा, तो शिकून पुण्याला गेला. तिच्याकडे गणपती बसायचा, माझ्याकडे नाताळात तारा लागायचा. करंज्या दोघींकडे व्हायच्या आणि कुणाच्या जास्त खुसखुशीत यावरून दर वर्षी न चुकता वाद व्हायचा. मी तिला हाक मारताना नाव घेत नसे. दुसऱ्या कुणाशी बोलतानाही 'आमची समोरची' एवढंच म्हणायचे, आणि ऐकणाऱ्याला कळायचं.

लोकांनी तिच्याकडे धान्य घ्यायचं, रस्ता ओलांडायचा आणि माझ्याकडे दळायचं. गिऱ्हाईक निम्म्या रस्त्यात असतानाच तिची हाक यायची, "बाजरी पाठविलीय गं! म्हातारीला दात न्हाईत, बारीक काढ!" मी इकडून ओरडायची, "थांबायला सांग, आधी ज्वारी संपू दे!" कारण गिरणीत ज्वारीवर ज्वारी आणि बाजरीवर बाजरीच दळतात, नाहीतर एकाचं पीठ दुसऱ्याच्या डब्यात जातं. थांबणाऱ्या बायका माझ्या ओट्यावर बसायच्या. दुपारी वीज गेली की तीही गल्ल्याला कुलूप लावून ओट्यावर यायची आणि आम्ही दोघी येणाऱ्या-जाणाऱ्यांची यथेच्छ निंदा करायचो. तेवढं सुख मला नंतर कशातच मिळालं नाही.

रस्ता रुंद व्हावा म्हणून अर्ज झाले तेव्हा सह्या करणाऱ्यांत मी पुढे होते. खोटं कशाला सांगू? रस्ता झाला की धंदा वाढेल असं सगळ्यांनाच वाटत होतं. माप घेणारे आले आणि माझा ओटा त्यांच्या खुणेच्या आत निघाला. एका सकाळी यंत्र आलं आणि चहा गार व्हायच्या आत ओटा गेला. बायका म्हणाल्या, "मावशी, बसायचं कुठे?" मी म्हटलं, उभ्या राहा, तेवढंच वजन उतरेल. हसल्या बिचाऱ्या. पण पुढच्या वेळी डबा ठेवून जायला लागल्या, आणि संध्याकाळी कुणीतरी शाळकरी पोरगी येऊन तो घेऊन जायची.

मग खोदाई. दोन्ही दुकानांच्या मधोमध माणसाएवढा खड्डा महिनोन्महिने पडून राहिला. त्यावर एक फळी टाकलेली असायची. पाच किलोचा डबा घेऊन त्या फळीवरून येणं डोंबाऱ्याचं काम. माझी गिऱ्हाइकं कमी झाली, ते मी समजून घेत होते. पण एक दिवस एक बाई म्हणाली, "मावशी, आता तिकडेच दळून मिळतं."

मी खड्ड्याच्या काठावर जाऊन पाहिलं. समोरचीच्या दुकानात, तांदळाच्या पोत्यांशेजारी, कपाटासारखी एक पांढरीशुभ्र घरघंटी उभी होती. वीज लावली की घरच्या घरी दळून देणारी ती छोटी गिरणी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकींना विचारल्याशिवाय दुकानाचा रंगसुद्धा बदलला नव्हता.

"माझ्या गिरणीला सवत आणलीस व्हय गं?" मी इकडून ओरडले.

"मग काय करू? लोकांना खड्ड्यात पडून मरू देऊ?" ती तिकडून म्हणाली. "तुला तर हरएक गोष्टीत तुझंच दिसतंय."

"आणि तुला गल्ला दिसतोय!"

खोदकामाचे मजूर हातातली कामं टाकून बघत होते. ती आत गेली, मी आत आले. त्या दिवसापासून बोलणं बंद.

अबोला सुरू असतानाच रस्त्याचं काम बघणारे एक साहेब आले. भला माणूस होता, उन्हानं काळवंडलेला. रस्त्याच्या मधून दुभाजक येणार, त्यावर लोखंडी जाळी बसणार, असं त्यांनी समजावून सांगितलं. दुभाजकात गाड्यांना वळायला आणि माणसांना ओलांडायला जी मोकळी जागा सोडतात तिला ते पंक्चर म्हणत होते. आमच्या पट्ट्यात एकच पंक्चर सोडायचं होतं. ते एकतर आमच्या दोघींच्या दारांच्या मध्ये किंवा लांब पेट्रोल पंपाजवळ.

"तुमच्या दारासमोर जागा बरी दिसते, ताई. तुमची काही हरकत?"

त्याच वेळी समोरून घरघंटीची घरघर ऐकू येत होती. दुसरा कुठलाही क्षण असता तर मी साहेबांना चहा पाजला असता. मी वहीचा कागद फाडला आणि लिहून दिलं : आमच्या दारासमोर पंक्चर नको. गाड्या वळताना दारात येतील, अपघाताची भीती आहे. खाली सही केली. माझं अक्षर चांगलं आहे, मिशनच्या शाळेतलं. साहेबांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि फळीवरून सांभाळून पलीकडे गेले.

पंक्चर पेट्रोल पंपाजवळ झालं.

रस्ता छान झाला, हे कबूल करायला हवं. पाणी साचत नाही, धूळ नाही. गाड्या भन्नाट जातात आणि कुणी थांबत नाही. माझ्या बाजूनं शहरातून बाहेर जाणारे, तिच्या बाजूनं आत येणारे. बाहेर निघालेल्या माणसाला दळण कशाला आठवेल? शेजारचा सायकलवाला जागा विकून गेला, तिथे काचेचं मोबाईलचं दुकान आलं. पलीकडचा भांडीवाला गेला, तिथे पैसे काढायचं यंत्र बसलं. यंत्राशी मी अजून बोललेले नाही, पण काही सांगता येत नाही.

समोरचीकडे जायचं तर पंपापर्यंत चालत जाऊन तितकंच उलट यायचं. माझ्या गुडघ्यांना पंधरा मिनिटं. फोन होता की, असं कुणी म्हणेल. होता. अबोला मोडून दिवाळीला तिनं केला, नाताळला मी केला. पण जी बाई समोर बसलेली दिसते तिला फोन लावून काय बोलायचं? "पिवळं नेसलीस वाटतं" म्हणायचं? दोन वाक्यं झाली की फोन ठेवायचो. दुभाजकात कण्हेरी लावल्या होत्या. पहिल्या वर्षी त्यांच्यावरून मला तिचा चेहरा दिसायचा. दुसऱ्या वर्षी नुसता अंबाडा. तिसऱ्या वर्षी कण्हेरी भरभरून फुलल्या आणि मला तिचं दुकान उघडं आहे की बंद, हेही कळेना.

मी भेटेल त्याला सांगत होते, या दुभाजकानं आम्हाला तोडलं. सांगताना आवाज चढायचा, आणि तो कागद आठवला की उतरायचा. फोनवर एकदा ती म्हणाली होती, "कुनाच्या डोक्यातून निघालं असंल गं, पंक्चर तिकडं पंपाला न्यायचं?" मी म्हटलं, असतात एकेक. रात्री जेवण गेलं नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. दुकान भाड्यानं दिलं, मुलगा शुक्रवारी न्यायला येतोय, आता पुण्यालाच राहायचं. मी "बरं झालं" म्हणाले. फोन ठेवला आणि गिरणीच्या खुर्चीत तशीच बसून राहिले. ती गेल्यावर मला काय उरणार, हे मला एका झटक्यात कळलं. तिच्याशी धड बोलत नव्हते तरी ती समोर होती. आता मला एकच करायचं होतं, ती जायच्या आत तिला खरं सांगायचं. ती रागावली तरी चालणार होतं. तिनं खोट्या समजुतीनं माझा निरोप घेऊ नये, एवढंच.

गुरुवारी भर दुपारी मी गिरणीला कुलूप लावलं आणि पंपाला वळसा घालून गेले. दुकान रिकामं होतं. ती एकुलत्या एका उरलेल्या पोत्यावर बसली होती. केस पुरते पांढरे. मला वाटलं, पीठ उडालंय. मग आठवलं, पीठ माझ्याकडे उडतं.

"ये. खुर्च्या गेल्या टेम्पोत," ती म्हणाली. "घरघंटी बघतीस का? ती कवाच इकली. खड्डे बुजले त्याच महिन्यात."

"का?"

"खड्ड्यापुरतीच आनली हुती. तुला सांगनार हुते. तू बोलू दिलंस का?"

मी उभ्यानंच सांगून टाकलं. कागद, सही, अपघाताची भीती, सगळं. माझा आवाज रिकाम्या दुकानात घुमत होता.

"माहीत हाय मला," ती म्हणाली. "सायबानं तवाच दाखविला हुता कागद. म्हनलं, समोरच्या बाईंची हरकत हाय, पन तुमाला पायजे आसंल तर तसं लिहून द्या, हितंच करतो. म्या तुझं अक्षर बघितलं. म्हनलं, तिला नको तर मलाबी नको. त्याच कागदावर खाली सही ठोकली."

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. तीन वर्षं मी स्वतःला चोर समजत होते, घास उतरत नव्हता, आणि ही बाई सगळं माहीत असून फोनवर मलाच विचारत होती, कुणाच्या डोक्यातून निघालं म्हणून!

"मग सांगायचंस ना!"

"तू सांगतीस का ते बघत हुते."

"आणि मी आले नाही, तर तू यायचंस. पंपावरून रस्ता नव्हता?"

"तुला हुता की."

मी आणखी मोठ्यानं बोलले. काय बोलले ते लिहीत नाही, त्यात घरघंटीही पुन्हा आली. ती उठून भिंतीकडे तोंड करून झाडू मारायला लागली. मी निघून आले. पंपाशी वळले तेव्हा परत फिरावं असं वाटलं होतं. ऊन होतं, गुडघे दुखत होते, आणि मी मीच होते.

शुक्रवारी सकाळी मी गिरणी लावली नाही, दारातच उभी राहिले. पुण्याला जायचं तर टेम्पोला पंपाशी वळून माझ्याच बाजूनं यावं लागणार होतं. आला. पुढे ड्रायव्हरशेजारी मुलगा आणि खिडकीला ती. तिनं मला पाहिलं, काहीतरी म्हणाली. गाड्यांच्या गोंगाटात मला ऐकू आलं नाही. मी "काय?" म्हणून जेवढा होता तेवढा आवाज लावून ओरडले. मागे डंपर होता, हॉर्न वाजवत होता. टेम्पो थांबू शकला नाही.

आता समोर औषधांचं मोठं दुकान आहे, पाटी दिवसाही पेटलेली असते. मी फोन लावते, ती उचलते, तब्येतीचं विचारते, मी सांगते. त्या सकाळी काय म्हणालीस, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिनं तेच सांगितलं, "आठवत न्हाई गं आता." खरंच आठवत नसेल. मला मात्र अजून भांडायचं आहे तिच्याशी, निदान तासभर, आणि ते फोनवर होत नाही.