मोर वाचले, ओसरी गेली

शकू गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या पिकोच्या मशीनवर कुणाची तरी लग्नातली साडी होती. फोन तिच्या सुनेचा, नसरापूरहून. "मावशी, आई गेल्या... सकाळी चहा मागितला, आणि..." खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, राग आला. दुकानासमोर ते नवं व्यापारी संकुल उभं, आणि ही बाई मला एकटीला त्याच्याकडं बघत बसवून निघून गेली! महिना होत आला, राग अजून उतरत नाही.

संकुलाच्या जागी भोरच्या बाजारपेठेतली जुनी धर्मशाळा होती. दगडी जोतं, सागवानी खांब आणि रस्त्याच्या बाजूनं लांबलचक ओसरी. ओसरीच्या टोकाला शकू बांगड्या भरायची. दुकान म्हणजे काय, एक पाट, एक पेटी आणि दोरीला लटकवलेल्या बांगड्या. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो, नंतर रस्त्याच्या अल्याड मी नि पल्याड ती. बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या वाड्यांवरनं बाया उतरायच्या, सकाळच्या एसटीनं यायच्या नि संध्याकाळच्या एसटीनं जायच्या. मधला सगळा वेळ त्या ओसरीवर. भाकरी तिथंच सोडायची, पोराला तिथंच पाजायचं, गाठोडं शकूच्या भरवशावर टाकून बाजार करायचा. दहाजणी बसल्या तर बांगड्या भरायच्या दोघी. मी चिडवायची, "तुझ्याकडं गिऱ्हाईक कमी नि पाव्हण्याच जास्त!" त्यावर ती म्हणायची, "बसू दे की. ओसरी काय माझ्या बापाची हाय?"

मग धर्मशाळेच्या विश्वस्तांनी ती पाडून गाळे बांधायचं ठरवलं. गावातल्या शिकल्यासवरल्या मंडळींनी बचाव समिती काढली. भाषणं झाली, सह्या झाल्या. पण ओसरीवर बसणाऱ्या एका बाईला कुणी विचारलं असेल तर शपथ! शेवटी बाहेरून जुन्या इमारतींचे जाणकार पाहणीला आले. आता गंमत ऐका. आमच्याकडं सिनेमावाल्यांची ये-जा नेहमीचीच. मागं एका शूटिंगला त्यांनी धर्मशाळेच्या वरच्या अंगाला प्लायवूडचा सज्जा ठोकला होता, त्यावर मोर, वर तपकिरी रंग. शूटिंग संपलं, सज्जा तसाच राहिला, उन्हापावसानं चांगला जुनाट दिसायला लागला. ते जाणकार नेमके त्याच्याखाली थांबले. फोटो काढले, माना डोलावल्या. "अस्सल काम आहे, हे जपलंच पाहिजे!"

मी सांगायला तोंड उघडलं तर शकूनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की बास. "गप बस," ती कुजबुजली. "त्या मोरांच्या जिवावर माझी ओसरी वाचत असंल तर वाचू दे." मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. पण ती दिवसभर इतकी खुशीत होती... येणाऱ्या प्रत्येकीला विनाकारण एक बांगडी जास्त भरत होती.

वाचले काय, तर मोर! समिती आणि विश्वस्तांची तडजोड झाली. 'वारसा जपून विकास' असा फलक लागला, त्यावर नव्या इमारतीचं चित्र, पुढं सिमेंटचा सज्जा आणि त्यावर सिमेंटचे मोर. शकूनं चित्रावरनं बोट फिरवलं. "ओसरी कुठं हाय?" विश्वस्त म्हणाले, "आजी, तिथं शटर येणार. ओसरी म्हणजे वाया गेलेली जागा." तेव्हा ही पेटली. सज्जा खोटा आहे म्हणून भर चौकात ओरडून सांगितलं. पण आराखडा मंजूर झाला होता, दोन्ही बाजूंचे सत्कारसुद्धा उरकले होते. तिला पहिल्या मजल्यावर, मागच्या अंगाचा गाळा देऊ केला. "डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई जिना चढून बांगड्या भराया यील व्हय?" म्हणून तिनं तो नाकारला. हट्टी मेली! घेतला असता तर निदान समोर तरी दिसली असती.

धर्मशाळा पाडली असं ती कधी म्हणाली नाही. 'वाढवली' म्हणायची, फुटलेल्या बांगडीला म्हणतात तसं. पाट माझ्या दुकानात ठेवून ती लेकाकडं नसरापूरला गेली. दर बाजाराच्या दिवशी मात्र फोन यायचाच. "आल्या का गं बाया?" "आल्या." "कुठं बसल्या?" मी गिऱ्हाइकाच्या गडबडीत, वैतागून म्हणायची, "बसल्या असतील कुठंतरी!" "कुठंतरी म्हंजी कुठं?"

ती गेल्यानंतरच्या पहिल्याच बाजाराला वरच्या वाडीतली एक म्हातारी, धर्मशाळा पाडल्यानंतर पहिल्यांदाच, चार बायांना घेऊन आली. "कासारीणबाई कुठं गेल्या?" मी सांगितलं. ती हातातल्या बांगड्या नुसत्या मागंपुढं करत राहिली आणि जाऊन संकुलाच्या पायरीवर टेकली. वॉचमन लगेच आला, "ओ आजी, हितं बसू नका." "मग बसायचं कुठं?" म्हातारीनं विचारलं. वॉचमन बिचारा वर मोरांकडं बघायला लागला. मी आतनं शकूचा पाट आणला आणि माझ्या दारात टाकला. म्हातारी बसली.

पाट एकीपुरताच आहे. बाकीच्या चौघी एसटी येईस्तोवर उभ्याच होत्या.