सटवाईच्या आधी लिहिलेलं

पारोळ्याकडच्या आमच्या गावात भिकुबाई सुईणीच्या तोंडी कुणी लागत नसे. बाळंतिणीची सासू मध्ये बोलली, तर ती तिला चुलीपुढे पाणी तापवायला बसवी आणि पुन्हा आत येऊ देत नसे. नाळ कापायचा विळा उकळून घ्यायचा, हे ती धुळ्याच्या नर्सबाईकडून शिकली होती. पण कुणी विचारलंच तर, "मीच तिले शिकाडं," असं बेधडक ठोकून द्यायची. माझे आजोबा निंबा पाटील, म्हणजे आबा, गावचे पोलीस पाटील होते. तेही तिला वचकून असत. मला मात्र ती फार आवडायची.

एकोणीसशे एकोणतीस सालची गोष्ट. झुलाल तिच्या दारी आला. त्याची विधवा भावजय ताईबाई चार महिन्यांची पोटुशी होती. मूल त्यांच्याच शेतावरच्या सालदाराचं, मगनचं.

"काढा दे, भिकुमाय. नहीतर मन्ही इज्जत जाई," झुलाल म्हणाला.

भिकुबाईनं ताईबाईला एकटीला गाठून विचारलं, "तुले काय जोयजे?"

"मले जगनं शे, माय. पोरबी जगाले जोयजे."

असा काढा भिकुबाईनं आयुष्यात एकदाच, तरुणपणी, स्वतःच्या सासूच्या धाकानं एका पोरीला दिला होता. ती पोर तिसऱ्या दिवशी गेली. सासूनं 'पटकी' म्हणून सांगितलं आणि गावानं मानलं. कायद्यानं तो गुन्हा होता, पण तिला कुणी साधं विचारलंही नाही. हेच तिला जन्मभर सलत राहिलं.

आपण नाही म्हटलं तर झुलाल दुसरीकडून काढा आणील, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती थेट आमच्या ओट्यावर आली. विधवा बाई पोटुशी असली की पाटलानं फौजदाराला कळवायचं, अशी तेव्हा रीत होती. आबा अशा वेळी जमेल तितकं न पाहिल्यासारखं करत.

"आबा, लिखा. झुलालनी भावजय ताईबाई, चौथा महिना."

"अगं, तिची अब्रू जाईल!"

"जाऊ द्या. आते तिले काही झायं, तं फौजदार झुलालले इचारी."

आबांनी वहीत लिहिलं आणि फौजदाराला कळवलं. गावभर बोभाटा झाला. आबांनी मगनलाही बोलावून खडसावलं. तो मान खाली घालून तिच्याशी पाट लावायला, म्हणजे पुनर्विवाहाला, तयार झाला. पण पोटुशीचा पाट आमच्याकडे लावत नसत, म्हणून बाळंतपणानंतरचं ठरलं. आणि झुलाल? ताईबाईला नुसती ठेच लागली तरी हा हळद घेऊन धावायचा. काढा मागणारा गडी सकाळ-संध्याकाळ भावजयीला दुधाचा तांब्या नेऊन देऊ लागला. हे सांगताना आबा ठसका लागेपर्यंत हसत.

ताईबाईला मात्र हसू येत नव्हतं. नदीवर नाही, विहिरीवर नाही, तिला कुठे तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. ती भिकुबाईला म्हणाली, "जगनं शे, इतलंच मी सांगं व्हतं. गावले सांगाले कधी सांगं?"

"तुले इचाराले जोयजे व्हतं. चूक झाई मन्ही," भिकुबाई म्हणाली. ताईबाईनं तोंड फिरवलं. बाळंत होतानाही तिनं भिकुबाईचा हात घट्ट धरला, पण तोंड भिंतीकडेच ठेवलं. मुलगी झाली. ती रडेना, तेव्हा भिकुबाईनं तिची पाठ चोळून चोळून तिला रडवलं आणि मग स्वतः रडली.

पाचवीच्या दिवशी ताईबाईच्या घरी पूजेचा पाट मांडला. पोरीचं नशीब लिहायला सटवाई येते, म्हणून तिच्यासाठी कोरा कागद आणि बोरू ठेवला. गल्लीतली एकही बाई आली नाही. भिकुबाईनं आबांना वहीसकट दारात बोलावलं आणि वाचायला लावलं.

आबांनी वाचलं, "ताईबाई बाळंत. मुलगी. दोघी जिवंत."

"दखं?" भिकुबाई म्हणाली, "सटवाई काय लिखस, ते कोनलेच वाचता येस नही. हाई वाचता येस."

आबा वही मिटून निघाले, तेवढ्यात आतून आवाज आला. पोरीला छातीशी धरून ताईबाई दारापर्यंत आली होती.

"आबा," ती म्हणाली, "आखो एकदाव वाचा ना."